जठरातील जंतू आणि त्याचा चाबूक



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा एखाद्या संपावर बोलू अशीच त्यांची कल्पना होती. तीस वर्षे युनियनच्या कचेरीत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती काय असणार? आम्ही कळविलेला विषय वाचून त्यांनी फिरून विचारणा केली की, हा विषय आपलाच ना? विषय आमचाच आहे. आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. दहावीनंतर आमचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात. परंतु या विषयात आमचे एक जुने देणे आहे, आणि ते चारचौघांतच फेडले पाहिजे.

आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. संप लांबला, घरातली भांडी एकेक करून विकली गेली, आणि पुढल्या वर्षी एके रात्री वडिलांना रक्ताची उलटी झाली. सरकारी इस्पितळात त्यांच्या जठराचा भाग कापून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, पोटात व्रण होता. काळजी, तिखट, चहा आणि रात्रपाळी यांनी तो झाला. नातेवाईक म्हणाले, संपाने झाला. वडील स्वतः काहीच म्हणाले नाहीत. ते थंड दूध पीत राहिले आणि चटणी ताटातून बाजूला सारीत राहिले.

पुढे आम्ही कामगारांत काम करू लागलो आणि गेटसभेत बोलू लागलो, तेव्हा वडिलांचा व्रण आम्ही कितीतरी वेळा भाषणात आणला. ‘मालकाने आमच्या बापाच्या पोटाला भोक पाडले,’ असे म्हटले की सभा स्तब्ध होत असे. ही गोष्ट आम्हांला खरी वाटत होती, कारण ती आमच्या बाजूची होती. २००५ साली वर्तमानपत्रात वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाची बातमी वाचली आणि त्या वाक्याचा पाया ढासळला. त्या बातमीमागे काय इतिहास आहे, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत संशोधक त्या जंतूच्या अंगाच्या चरबीपर्यंत कसे जाऊन पोहोचले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

जुने मत असे होते. १९१० साली कार्ल श्वार्ट्स या वैद्याने सूत्र मांडले की, आम्ल नाही तर व्रण नाही. सूत्र चुकीचे नव्हते, अपुरे होते. जठरात जे आम्ल पाझरते ते इतके तीव्र असते की, त्यात जंतू जगणारच नाहीत असे सर्वांनी गृहीत धरले. मग निरोगी माणसाचे जठर त्याच आम्लाने का जळत नाही, या प्रश्नाला उत्तर हवे होते. ते स्वभावात शोधण्यात आले. काळजी करणारा, चिडखोर, वेळी-अवेळी जेवणारा माणूस व्रणाचा धनी ठरला. उपचारही तसेच: दूध, सोडा, विश्रांती, आणि न भागल्यास सुरी. १९७६ मध्ये सिमेटिडीन हे आम्ल रोखणारे औषध बाजारात आले. त्यामागे जेम्स ब्लॅक यांचे संशोधन होते, आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. औषध गुणकारी होते. व्रण भरून येत. पण गोळ्या थांबल्या की पुष्कळांचे व्रण परत येत. म्हणजे रोगी कायमचा गिऱ्हाईक बनला.

यात चमत्कारिक गोष्ट अशी की, जंतू पूर्वीच दिसलेले होते. इटलीतील तुरीन येथे जुलिओ बिझोझेरो यांनी १८९३ च्या सुमारास कुत्र्याच्या जठरात मळसूत्रासारखे पिळदार जंतू पाहून त्यांची चित्रे काढली. १८९९ मध्ये पोलंडच्या क्राकूव येथे वालेरी यावोर्स्की यांनी माणसाच्या जठरातील द्रवात तसेच जंतू असल्याचे लिहिले. परंतु १९५४ साली अमेरिकेत पामर यांनी हजाराहून अधिक माणसांच्या जठराचे तुकडे तपासले, त्यांत त्यांना जंतू आढळले नाहीत, आणि पूर्वी दिसले ते बाहेरून मिसळलेले असावेत असा निर्वाळा त्यांनी दिला. जे रंग वापरून त्यांनी तपासणी केली, त्यांत हा जंतू ठळक उठत नाही. पण हजाराच्या वर माणसे तपासली म्हटल्यावर कोण शंका घेणार? आकडा मोठा असला की प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद होते. वेतनाच्या वाटाघाटीत टेबलाच्या त्या बाजूने असे आकडे आम्हीही पुष्कळ ऐकले आहेत.

ग्रीसमध्ये मेसोलोंगी गावी जॉन लिकूदिस नावाचे एक साधे डॉक्टर होते. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा पोटाचा विकार जंतुनाशक औषधे घेऊन बरा केला आणि पुढे हजारो रोग्यांना तेच औषध दिले. त्यांचा लेख छापला गेला नाही. १९६८ मध्ये वैद्यांच्या शिस्तपालन समितीने त्यांना चार हजार द्राख्मांचा दंड केला. १९८० साली ते वारले. त्यांनी नीट तुलना करून पुरावा मांडला नव्हता, हे खरे. पण त्यांचे म्हणणे तपासून पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत, हेही तितकेच खरे.

आता ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थ शहरी चला. तेथल्या इस्पितळात रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली रोग्यांच्या जठराचे तुकडे पाहत. १९७९ च्या जूनमध्ये त्यांना सुजलेल्या अस्तरावर पिळदार जंतूंची एक रांग दिसली. त्यांनी चांदीचा रंग वापरून पाहिले, तेव्हा जंतू स्पष्ट उठले. सहकाऱ्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तीस वर्षांचा शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे आला. दोघांनी मिळून शंभर रोग्यांची तपासणी आखली. जंतू दिसत होते, पण काचेच्या ताटलीत वाढत नव्हते. तीसहून अधिक रोग्यांचे नमुने असेच वाया गेले, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की ताटली फेकून द्यावयाची असा प्रयोगशाळेचा रिवाज होता. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली, ताटल्या उबवणीच्या पेटीत पाच दिवस तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तो जंतूंचे ठिपके उगवलेले! हा जंतू सावकाश वाढणारा होता. त्याला वेळ हवा होता, इतकेच. आमच्या गिरण्यांचे भोंगे बंद पडलेले होते ते हेच दिवस.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेने मार्शल यांचा निबंध नाकारला. १९८४ मध्ये दोघांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, तरी शंका मिटल्या नाहीत. त्याच वर्षी मार्शल यांनी आपले जठर निरोगी असल्याची तपासणी करून घेतली आणि जंतू मिसळलेला द्रव स्वतः पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी तपासणीत जठराचे अस्तर सुजलेले व जंतूंनी भरलेले आढळले. येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण ती वर्तमानपत्रे गाळतात. मार्शल यांना व्रण झाला नव्हता. सूज आली होती. व्रणाचा पुरावा निराळ्या प्रयोगांतून आला. ज्या रोग्यांतील जंतू औषधांनी नष्ट केले, त्यांचे व्रण बहुधा परत आले नाहीत. १९८९ मध्ये जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने शिफारस केली की, हा जंतू आढळलेल्या व्रणाच्या रोग्यास जंतुनाशके द्यावीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला माणसात कर्करोग घडविणाऱ्या कारणांच्या पहिल्या वर्गात घातले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन २०२४ साली निवर्तले.

इतिहासाचा पूर्वार्ध येथे संपतो. उत्तरार्ध एका साध्या प्रश्नापासून सुरू होतो. लोखंडाला गंज चढविणाऱ्या आम्लात हा जंतू राहतो तरी कसा?

उत्तर असे की, तो तेथे राहतच नाही. तो तेथून पळतो. जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. पोकळीकडे तो आम्लयुक्त, पण अस्तराकडे जवळजवळ निराम्ल. जंतूजवळ युरियाचे विघटन करणारे एक विकर असते. त्यातून अमोनिया निघतो, आम्ल मारले जाते आणि जंतूला थोडी उसंत मिळते. २००९ साली असेही दिसून आले की, आम्ल कमी झाले म्हणजे श्लेष्म्याचा घट्ट गर पातळ होतो आणि जंतूला त्यातून वाट मिळते. परंतु वाट मिळाली तरी चालावे लागतेच. त्यासाठी त्याच्या एका टोकाला पुष्कळदा चार ते सहा धागे असतात. शास्त्रात त्यांना कशाभिका म्हणतात. कशा म्हणजे चाबूक. धाग्यावाचून जंतूचे चालत नाही, हे १९९० नंतरच्या दशकात डुकरांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत ठरले. ज्या वाणांना पोहता येत नव्हते, ते पिलांच्या जठरात ठाण मांडू शकले नाहीत.

चाबूक हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. पूर्वी समजूत अशी होती की, हा धागा सापासारखा वळवळतो. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी प्रतिपादन केले की, तो फिरतो. १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी दुसऱ्या एका जंतूचा धागा काचेला चिकटवून टाकला. धागा अडकला, तेव्हा जंतूचे सबंध अंगच गरगर फिरू लागले. पंख्याची पाती हाताने धरून ठेवली आणि मोटार सुटी असली तर मोटारच फिरेल, तसे. म्हणजे धाग्याच्या मुळाशी खरोखरीची मोटार आहे. तिच्यात फिरणारा भाग आहे, स्थिर भाग आहे, आणि तिला गती मिळते ती पटलाच्या बाहेरून आत वाहणाऱ्या हायड्रोजनच्या भारित कणांमुळे. आपल्या जठरातल्या या जंतूची मोटार मोठी आहे. तिच्याभोवती जोर लावणारे १८ संच आहेत, तर साल्मोनेला नावाच्या आतड्यातील जंतूत ते सुमारे ११ असतात. श्लेष्म्याच्या चिखलातून जावयाचे तर जोरही तेवढा हवा.

आमच्यापैकी जे कारखान्यात फिटर होते, त्यांना पुढचा भाग विशेष आवडेल. ही मोटार बाहेरून आणून बसविलेली नसते. ती जागच्या जागी, ठरलेल्या क्रमाने जोडली जाते. प्रथम आतल्या पटलात प्रथिनांचे एक कडे बसते. त्या कड्यात माल बाहेर पाठविणारी यंत्रणा बसते. मग दांडा, मग वाकडा सांधा, आणि शेवटी लांब धागा. धागा आतून पोकळ असतो. नवे प्रथिन त्या पोकळीतून टोकापर्यंत जाते आणि तेथे जोडले जाते. धागा मुळाशी वाढत नाही, शेंड्याशी वाढतो. पहिले कडे बसलेच नाही तर पुढचे काहीच होत नाही. या जंतूच्या धाग्याला आणखी एक विशेष आहे. त्याच्यावर पटलाचीच एक खोळ चढलेली असते. धाग्याचे आम्लापासून रक्षण व्हावे म्हणून ती असावी, असा तर्क आहे.

आता पटल म्हणजे काय ते पाहू. जंतूचे अंग म्हणजे चरबीच्या जातीच्या पदार्थांची दुपदरी पिशवी. आणि या जंतूला तर अशा दोन पिशव्या, एकीच्या आत दुसरी. पुष्कळ काळ या पटलाकडे संशोधकांनी कारखान्याच्या भिंतीकडे पाहावे तसे पाहिले: माल आत ठेवते, पाणी बाहेर ठेवते, एवढेच तिचे काम. लक्ष सगळे प्रथिनांच्या यंत्रांकडे. परंतु भिंतीतही प्रकार असतात. पटलात कार्डिओलिपिन नावाचा एक मेदपदार्थ असतो. सामान्य मेदाच्या रेणूला दोन शेपट्या, याला चार. नावात हृदय आहे, कारण १९४२ च्या सुमारास अमेरिकेत मेरी पँगबॉर्न या विदुषीने तो बैलाच्या हृदयातून वेगळा केला. आपल्यापैकी अनेकांचा त्याच्याशी संबंध नकळत आला असेल. गरोदरपणात रक्ताची जी व्हीडीआरएल तपासणी करतात, त्या गरमीच्या तपासणीत हेच कार्डिओलिपिन वापरतात. पुढे कळले की, ते आपल्या पेशींतील ऊर्जाघरांतही आहे आणि जंतूंच्या पटलातही आहे. काही जंतूंत तर ते बाकदार टोकांशी अधिक गोळा होते.

टोकांशी! आणि आपल्या जंतूची मोटारही टोकालाच असते. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक काम प्रसिद्ध केले.    जंतूचे एक जनुक कार्डिओलिपिन तयार करणाऱ्या विकराचे आहे. जी-२७ नावाच्या वाणातून त्यांनी ते जनुक काढून टाकले. कार्डिओलिपिन कमी झाले, हे अपेक्षितच होते. पण जंतूचे धागेही नाहीसे झाले. प्रथिनांची यादी हातात, यंत्राचे भाग ठाऊक, आणि तरी मोटार उभी राहीना, कारण ज्या जमिनीवर ती उभी करावयाची त्या जमिनीचा एक घटक कमी पडला होता.

येथे थांबले तर आम्ही पुन्हा तीच चूक करू, जी गेटसभेत केली होती. म्हणून पुढचेही सांगतो. मोटारीच्या एका कड्याचे प्रथिन वाणावाणांत थोडे निराळे असते. संशोधकांनी दुसऱ्या एका वाणातले ते प्रथिन या वाणात आणले, तेव्हा कार्डिओलिपिनची उणीव असूनही धागे पुन्हा तयार झाले. शिवाय प्रत्येक वाणात परिणाम सारखा तीव्र नव्हता. अर्थ असा की, मेदाचे काम हुकमाचे नसून साहाय्याचे आहे. पाया कच्चा असला तरी चांगला मिस्त्री यंत्र कसेबसे उभे करतो. मिस्त्रीही कमी आणि पायाही कच्चा असला म्हणजे यंत्र उभे राहत नाही.

या जंतूच्या पटलाची आणखी एक गंमत आहे. त्याला कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. तो ते आपल्या शरीरातून उचलतो आणि त्याला साखरेचा रेणू जोडून आपल्या पटलात बसवितो. २००६ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखविले की, ही साखर जोडल्यामुळे तो आपल्या शरीराच्या रक्षक पेशींच्या तावडीतून निसटतो. आमचाच माल, त्यावर आपला शिक्का, आणि आमच्याच पहारेकऱ्याला चकवा! कामगार चळवळीत आम्हांस हा प्रकार अपरिचित नाही. पण उपमेचा मोह येथेच आवरतो.

एवढ्या बारीक गोष्टींचा साचेखात्यातल्या माणसाला काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग असा की, जंतुनाशके बोथट होत चालली आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन हे दीर्घकाळ या जंतूवरचे एक मुख्य औषध होते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्या हटवादी जंतूंसाठी नवी औषधे तातडीने हवीत त्यांची यादी केली, तीत या औषधाला न जुमानणारा हा जंतूही होता. जंतू मारता येत नसेल तर त्याला निदान पोहू न देणे ही एक वाट आहे, आणि ती वाट धाग्याच्या जोडणीतून, म्हणजे कदाचित पटलाच्या चरबीतूनही जाते. तसे औषध आज हातात नाही. पण १९७९ साली वॉरन यांनी जंतूंची रांग पाहिली तेव्हाही हातात काही नव्हते.

आता आमचे देणे. वडिलांची जंतूची तपासणी कधी झालीच नाही. ते गेले त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. त्यांचा व्रण जंतूने झाला की कंबरदुखीसाठी ते ज्या गोळ्या घेत त्यांनी झाला, हे सांगता येणार नाही, कारण अशा गोळ्यांनीही व्रण होतो. मालकाने तो केला हे मात्र आम्ही पुराव्यावाचून बोललो. आणि चटणी खाल्ल्याचा, काळजी केल्याचा जो दोष वीस वर्षे त्यांच्या माथी होता, तोही पुराव्यावाचूनच होता. जंतूची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना व्रण होत नाही. होतो त्यांत धूम्रपानासारख्या गोष्टींचाही हात असतो, आणि मनावरच्या ताणाचा काहीच संबंध नाही असेही कोणी ठामपणे म्हणत नाही. पण मूळ धरून ठेवणारा आधी जंतू असतो, आणि त्याची लागण बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होते. जेथे माणसांची दाटी, पाण्याची टंचाई आणि शौचकूपांची वानवा, तेथे ती अधिक होते. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठजण राहत होतो आणि मजल्याला दोन नळ होते. याची साक्ष द्यावयास आम्हांला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

म्हणून गेटसभेत आता आम्ही ते जुने वाक्य म्हणत नाही. नवे वाक्य इतके टाळीचे नाही. ते असे: पोट दुखत असेल, काळी शौच होत असेल, तर सोडा पीत बसू नका, डॉक्टरांकडे जा, जंतूची तपासणी मागा, आणि औषधाचा दिलेला कोर्स अर्ध्यावर सोडू नका. आणि युनियनच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाखाली पाण्याचे आणि शौचकूपांचे कलम असते, ते तडजोडीत सर्वांत आधी सोडून देण्याची जी आपली वहिवाट आहे, ती बदला. ते कलम यापूर्वी आम्हीच दोनदा सोडले आहे.